उंच सायकलस्वाराने रीचच्या आधी स्टॅक पाहावा

माझी उंची १९३ सेंटिमीटर आहे आणि जांघेपासून तळव्यापर्यंत पायाची आतली लांबी ९३ सेंटिमीटर भरते. हे दोन्ही आकडे सुरुवातीलाच देण्याचे कारण असे की फ्रेमची लांबी (रीच) आणि तिच्या समोरच्या बाजूची उंची (स्टॅक) यांबद्दल पुढे जे काही लिहिणार आहे ते सगळे या दोहोंच्या नात्यातून आलेले आहे, आणि पहिली माउंटन बाइक घेताना मला त्यांतला एकच आकडा माहीत होता. तक्त्याप्रमाणे मला एक्सएल साइज हवी होती. दुकानात एल शिल्लक होती. सीट वर काढली की प्रश्न सुटतो, असे विक्रेत्याने मला सांगितले आणि मला ते पटले, कारण सायकल चालवून पाहिली तेव्हा पाय व्यवस्थित सरळ होत होते.

त्या फ्रेमची सीट ट्यूब, म्हणजे सीटचा दांडा (सीट पोस्ट) ज्यात उतरतो ती नळी, ४५ सेंटिमीटरची होती. माझ्या सीटची उंची, म्हणजे पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, ८२ सेंटिमीटर आहे. सीट आणि तिच्याखालच्या सळ्या, म्हणजे रेल्स, यांची जाडी ५ सेंटिमीटर धरली तर सीट पोस्टचा ३२ सेंटिमीटर भाग फ्रेमच्या बाहेर राहतो, आणि पोस्टच मुळात ४० सेंटिमीटरचा असल्यामुळे आत उरतात फक्त ८. पोस्टवर कमीत कमी किती भाग आत असावा हे दाखवणारी जी रेघ असते, ती दोन सेंटिमीटर बाहेर आलेली होती आणि मी ती रोज पाहत होतो. आठ महिन्यांनी चढावर पॅडल मारताना सीटखालून करकर आवाज येऊ लागला. आधी मी रेल्सना ग्रीस लावले, मग क्लॅम्प आवळला, मग पोस्ट काढून पुसून पुन्हा बसवला. शेवटी एके दिवशी फ्रेम धुताना टॉप ट्यूब, म्हणजे फ्रेमची वरची नळी, आणि सीट ट्यूब जिथे वेल्डने जोडलेल्या असतात तिथे रंगावर केसाएवढी एक रेघ दिसली. नख फिरवल्यावर ते अडकले. ती रंगावरची रेघ नव्हती, ॲल्युमिनियमला गेलेली भेग होती. पोस्टचे टोक त्या जोडाच्या खाली उतरतच नव्हते, त्यामुळे माझ्या वजनाचा सगळा भार तरफेसारखा सीट ट्यूबच्या वरच्या टोकावर येत होता. फ्रेम बाद झाली. म्हणून पोस्ट आणि फ्रेम यांच्या खुणांपैकी जी जास्त खोली मागते ती पाळावी, आणि पोस्टचे टोक टॉप ट्यूबच्या जोडाच्या खाली नीट उतरले पाहिजे, एवढे उंच माणसाने सायकल पसंत करण्याआधीच मोजून घ्यावे.

मोजमाप घरी करता येते आणि त्याला दहा मिनिटे पुरतात. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांमध्ये धरून सीटवर बसल्याइतका दाब येईपर्यंत वर ओढावे, पुस्तकाची मागची कड भिंतीला काटकोनात टेकलेली ठेवावी आणि दुसऱ्या कोणाकडून वरच्या कडेशी पेन्सिलने खूण करून घ्यावी. माझ्या भावाने तीनदा खूण केली; पहिली आणि तिसरी यांत पाऊण सेंटिमीटरचा फरक आला, तेव्हा एकदाच मोजून थांबू नये. ही लांबी ०.८८३ ने गुणली की सीटच्या उंचीचा प्राथमिक अंदाज मिळतो. हा गुणक अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे सायकलस्वारांमध्ये सर्वत्र माहीत झाला. तो रस्त्यावरच्या सायकलींसाठी आहे आणि डोंगरात बहुतेक जण सीट त्याहून किंचित खाली ठेवतात, तरीही फ्रेम निवडताना हिशेब मांडायला तो चांगला आधार आहे. याखेरीज दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचे अंतरही मोजावे. ते उंचीपेक्षा बरेच जास्त भरत असेल तर लांब फ्रेम सोसते, कमी असेल तर नाही.

पूर्वी माउंटन बाइकची साइज इंचांत सांगत, १७, १९, २१, २३, आणि तो आकडा म्हणजे सीट ट्यूबची लांबी असे. आज टॉप ट्यूब उतरती असते आणि चालवता चालवता सीट खाली-वर करू देणाऱ्या ड्रॉपर पोस्टला जागा मिळावी म्हणून सीट ट्यूब मुद्दाम आखूड ठेवलेली असते, त्यामुळे त्या आकड्यावरून सायकल किती लांब आहे हे कळत नाही. एल, एक्सएल या अक्षरांचेही तसेच आहे. ती प्रत्येक कंपनीची स्वतःची असतात आणि एकीची एक्सएल दुसरीच्या एलपेक्षा आखूड निघू शकते. म्हणून आता सगळे रीच पाहतात. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून एक उभी रेषा वर काढली तर तिच्यापासून हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या टोकाच्या आखूड नळीच्या) वरच्या तोंडाच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच, आणि त्याच दोन बिंदूंमधले उभे अंतर म्हणजे स्टॅक. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माउंटन बाइकच्या आद्य निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी फिशर यांनी लांब टॉप ट्यूब आणि आखूड स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा) यांची जोडी पुढे आणली, नंतर स्पेनच्या मोंड्रेकर कंपनीने तीच दिशा बरीच पुढे नेली, आणि आज ३५ ते ५० मिलिमीटरचा स्टेम सर्रास दिसतो. या बदलाचा उंच माणसांना खरोखर फायदा झाला आहे, कारण पूर्वी १२० मिलिमीटरचा स्टेम लावून ज्या लांबीची उणीव भरून काढावी लागे ती आता फ्रेममध्येच मिळते आणि उतारावर पुढच्या चाकावरून कोलमडण्याची भीती कमी होते.

परंतु याच वाचनातून माझी दुसरी चूक झाली. भेग गेलेल्या फ्रेमनंतर मी फक्त रीच पाहिला आणि ५१० मिलिमीटर रीचची एक्सएल घेतली. उतारावर उभे राहून चालवताना ती सुरेख होती. बसून चालवताना मात्र तासाभरात तळहाताची करंगळीकडची बाजू बधिर होई आणि मानेच्या मुळाशी कळ येई. मी लांबी जास्त झाली असे समजून स्टेम ५० वरून ३५ मिलिमीटरवर आणला, सीट पुढे सरकवली, तरी फरक पडला नाही. मग एका संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून जमिनीपासून सीट आणि जमिनीपासून हँडलबारच्या मुठी अशी दोन मापे घेतली, तेव्हा सीट मुठींपेक्षा जवळपास ११ सेंटिमीटर वर होती. फ्रेमचा स्टॅक होता ६३० मिलिमीटर. लांबी मला पुरत होती. पुढची बाजूच खाली राहिली होती.

असे का होते, याचे उत्तर साइजच्या तक्त्यातच सापडते. एका साइजवरून दुसरीवर जाताना अनेक कंपन्या रीच २० ते ३० मिलिमीटरने वाढवतात, पण स्टॅक साधारण १० ते १५ मिलिमीटरनेच वाढतो. म्हणजे एम पासून एक्सएल पर्यंत स्टॅकमध्ये दोन-तीन सेंटिमीटरची भर पडते. पायाची आतली लांबी ७९ सेंटिमीटर असलेला एमवर बसणारा आणि ९० सेंटिमीटर असलेला एक्सएलवर बसणारा, यांच्या सीटच्या उंचीत मात्र साडेनऊ सेंटिमीटरहून अधिक अंतर असते. उंच माणसाचे हातही लांब असतात, त्यामुळे मुठी सीटपेक्षा थोड्या खाली असल्या तरी त्याला चालते हे खरे, पण सात सेंटिमीटरची ही तूट हात एकटे भरून काढू शकत नाहीत. त्यातही ज्याची उंची पायांत आहे त्याला ती जास्त जाणवते. माझा एक मित्र माझ्याहून जेमतेम एक सेंटिमीटरने बुटका आहे, त्याच्या पायाची आतली लांबी ८८ सेंटिमीटर आहे, आणि माझी तीच ५१० रीचची सायकल त्याने दोन दिवस चालवून अतिशय आरामशीर असल्याचे सांगितले. उंची जवळजवळ सारखी असूनही त्याच्या आणि माझ्या सीटमध्ये साडेचार सेंटिमीटरचा फरक होता.

स्टॅक कमी पडला तर स्टेमखाली स्पेसर, म्हणजे कड्या, टाकून भरून काढता येतो, असे म्हटले जाते. काढता येतो, पण त्याची किंमत रीचमध्ये मोजावी लागते, आणि ही गोष्ट मला समजायला सर्वांत जास्त वेळ लागला. पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची नळी, जिच्यावर स्टेम बसतो, उभी नसते, ती मागे कललेली असते. हेड ट्यूबचा कोन ६५ अंश असेल तर ३० मिलिमीटरचे स्पेसर टाकल्यावर हँडलबार सुमारे २७ मिलिमीटर वर जातो आणि त्याच वेळी १३ मिलिमीटर मागे येतो. आता दोन फ्रेम शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिलीचा रीच ५१० आणि स्टॅक ६३०, दुसरीचा रीच ५०० आणि स्टॅक ६५५. तक्त्यावर पहिली १० मिलिमीटरने लांब दिसते. पण पहिलीचा हँडलबार दुसरीच्या उंचीवर आणायचा तर २५ मिलिमीटर चढवावे लागते, त्यात रीच साधारण १२ मिलिमीटरने घटतो आणि ४९८ उरतो. म्हणजे ज्या उंचीवर मी प्रत्यक्षात मुठी धरणार आहे तिथे ‘लांब’ फ्रेम दोन मिलिमीटरने आखूड आहे. म्हणून स्टॅक सारखा केल्याशिवाय दोन फ्रेमच्या रीचची तुलना करूच नये, असे माझे ठाम मत झाले आहे. जास्त रीच आणि कमी स्टॅक असलेली फ्रेम ज्यांना मुठी खाली आवडतात त्यांच्यासाठी लांब असते. लांब पायांच्या माणसासाठी ती अर्धवट लांब असते.

हँडलबारचा स्वतःचा चढ, म्हणजे मधल्या भागापेक्षा टोके जेवढी वर असतात ती उंची, वाढवणे हा स्पेसरपेक्षा बरा उपाय आहे. २० ऐवजी ४० किंवा ५० मिलिमीटर चढाचा बार घेऊन तो जरा पुढे फिरवून बसवला तर उंची मिळते आणि रीच फारसा जात नाही. फक्त फार पुढे फिरवला की बारची टोके मनगटाला चुकीच्या कोनात भेटतात. ७८० ते ८०० मिलिमीटर रुंदीचे बार उंच आणि रुंद खांद्यांच्या माणसाला सहसा मानवतात, पण रुंद बार धड पुढे आणि खाली ओढतो, हे लक्षात ठेवून त्याची लांबी हिशेबात धरावी.

आता सीट ट्यूबच्या कोनाकडे वळतो, कारण बसून चालवताना सायकल किती लांब वाटते ते रीचवर ठरत नाही. ते टॉप ट्यूबच्या परिणामी लांबीवर, म्हणजे हेड ट्यूबच्या वरच्या तोंडापासून मागे सीट पोस्टपर्यंतच्या आडव्या अंतरावर, ठरते, आणि ती लांबी रीच, स्टॅक व सीट ट्यूबचा कोन या तिघांतून येते. रीच ५०० आणि स्टॅक ६४० असलेल्या फ्रेमचा सीटचा कोन ७३ अंश असेल तर ही लांबी ६९६ मिलिमीटर येते. कोन ७७ अंश असेल तर ६४८. रीच तोच, पण बसल्यावर जवळपास पाच सेंटिमीटरचा फरक. जुनी सायकल सोडून नवीन उभ्या कोनाची सायकल घेणाऱ्यांना ‘रीच वाढूनही सायकल आखूड का वाटते’ असा जो प्रश्न पडतो, त्याचे उत्तर इथे आहे.

उंच माणसाच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. तक्त्यात छापलेला कोन परिणामी कोन, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून सीट पोस्टपर्यंत ओढलेल्या सरळ रेषेचा कोन, असतो, आणि अनेकदा तो स्टॅकच्या उंचीवर मोजलेला असतो. सस्पेन्शन असलेल्या बहुतेक फ्रेममध्ये सीट ट्यूब बॉटम ब्रॅकेटच्या थेट मध्यातून निघत नाही. ती थोडी पुढून निघते आणि जास्त मागे कललेली असते. समजा छापील कोन ७६ अंश आहे, स्टॅक ६४० आहे आणि सीट ट्यूबचा प्रत्यक्ष कल ७० अंश आहे. जिची सीट स्टॅकच्याच उंचीवर येते अशा बुटक्या व्यक्तीला ७६ अंश खरोखर मिळतात. माझी सीट त्याहून १५ सेंटिमीटर वर जाते, आणि प्रत्येक सेंटिमीटरला ती ७० अंशांच्या कलाने मागे सरकत राहते, त्यामुळे माझ्या वाट्याला ७५ अंशांहूनही थोडा कमी कोन येतो आणि सीट अपेक्षेपेक्षा पावणेदोन सेंटिमीटर मागे पडते. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. दहा अंशांच्या चढावर सगळी सायकलच दहा अंशांनी मागे झुकते, माझे वजन मागच्या चाकाच्या आसापाशी येऊन थांबते आणि पुढचे चाक दगडाला टेकले की दिशा सोडून भरकटते. सीट रेल्सवर पूर्ण पुढे घेऊन थोडी सुधारणा होते. पण फ्रेम निवडताना प्रत्यक्ष कलही पाहावा, तो तक्त्यात नसेल तर सायकलच्या बाजूने घेतलेल्या छायाचित्रावर पट्टी ठेवून अंदाज घ्यावा, आणि ज्या कंपन्या प्रत्येक साइजसाठी ठरावीक सीटच्या उंचीवर कोन मोजून देतात त्यांच्या आकड्यांवर अधिक विश्वास ठेवावा.

बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या चेनस्टेचेही याच जातीचे दुखणे आहे. एम आणि एक्सएल दोन्हींना ४३५ मिलिमीटरचाच चेनस्टे देण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. समोरचा भाग वाढत जातो आणि मागचा तेवढाच राहतो, त्यामुळे एक्सएलवरच्या माणसाचे वजन प्रमाणाने मागे पडते. चढावर पुढचे चाक उचलले जाते आणि सपाट वळणावर ते पकड सोडते. नॉर्कोसारख्या काही कंपन्या साइजनुसार चेनस्टे बदलतात आणि मला ही गोष्ट फ्रेम कोणत्या धातूची आहे यापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. दोन फ्रेममध्ये बाकी सगळे सारखे असेल तर उंच माणसाने ४४५ किंवा ४५० मिलिमीटरचा चेनस्टे असलेली घ्यावी. पुढचे चाक उचलून उड्या मारण्याची हौस असणाऱ्याला ती जड वाटेल, एवढेच.

ड्रॉपर पोस्टच्या बाबतीत मात्र लांब पायांचा फायदा आहे. सीट आणि फ्रेम यांच्यात जागा भरपूर असल्यामुळे २०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक खाली जाणारा ड्रॉपर आपल्याला सहज बसतो. त्यासाठी सीट ट्यूब आतून किती खोल आणि सरळ आहे हे पाहावे. कुठे ती वाकलेली असते, कुठे बाटलीच्या स्टँडचा बोल्ट आत आलेला असतो, आणि तिथे पोस्ट अडतो. माझ्या अनुभवाप्रमाणे ४७-४८ सेंटिमीटरची सीट ट्यूब हा उंच माणसासाठी चांगला मध्य आहे, कारण पोस्ट पुरेसा आत राहतो आणि सीट पुरेशी खालीही जाते. क्रँकबद्दल, म्हणजे पॅडलच्या दांड्यांबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही. लांब पाय म्हणजे लांब क्रँक असे वाटते, पण आजच्या सायकलींचा बॉटम ब्रॅकेट जमिनीच्या जवळ असतो आणि १७५ मिलिमीटरहून लांब क्रँक दगडांवर आपटतात. चाके २९ इंचांचीच घ्यावीत.

एक्सएल आणि एक्सएक्सएल यांच्या मध्ये अडकलेल्यांनी काय करावे, याला माझ्याकडे सरळ उत्तर आहे: ज्या साइजमध्ये आपल्या सीटच्या उंचीशी जुळणारा स्टॅक मिळतो ती घ्यावी आणि लांबी जास्त झाली तर स्टेम आखूड करावा. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या आसांमधले अंतर, वाढल्यामुळे अरुंद, वेड्यावाकड्या वाटेवर सायकल वळवायला कष्ट पडतील, ही हरकत खरी आहे, पण ते वळवणे सवयीने जमते. बधिर होणारे हात सवयीने बरे होत नाहीत. सायकल चालवून पाहताना तीन गोष्टी कराव्यात. सीट पूर्ण उंचीवर ठेवून खरा चढ चढावा. उभे राहून गुडघे आणि कोपरे वाकवून उताराची ठेवण घ्यावी. आणि पॅडलवर उभे असताना बार पूर्ण वळवून पाहावा, कारण फ्रेम लहान असेल तर गुडघा मुठीला किंवा ब्रेकच्या दांडीला लागतो. दुकानासमोरच्या सपाट जागेवर दोन फेऱ्या मारून यातले पहिले कळत नाही. मोजपट्टी सोबत न्यावी आणि जमिनीपासून सीट व मुठी यांची उंची तिथेच मोजावी.

सध्याच्या माझ्या फ्रेमचा रीच ५०० आणि स्टॅक ६५५ आहे, चेनस्टे ४५०, सीट ट्यूब ४८ सेंटिमीटर. स्टेमखाली २० मिलिमीटरचे स्पेसर आणि ४० मिलिमीटर चढाचा बार लावल्यावर सीट मुठींपेक्षा ५ सेंटिमीटर वर राहते. पाच-सहा तासांच्या फेरीनंतरही हाताला मुंग्या आलेल्या नाहीत. सायकल घेताना फोर्कची नळी कापून देण्याची तयारी दुकानाने दाखवली होती, ती मी नाकारली, कारण कापलेली नळी पुन्हा लांब करता येत नाही आणि योग्य उंची काही आठवडे चालवल्याशिवाय कळत नाही. स्टेमच्या वरही अजून १० मिलिमीटरचा एक स्पेसर आहे. दीड वर्ष झाले, तो तिथेच ठेवला आहे.